आधी माणूस, मग दिवस, मग बेत: ख्रिस्ती घरातल्या पाहुणचाराचा क्रम

रविवारी उपासना संपली की चर्चच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "या की एकदा घरी." समोरचा म्हणतो, "येऊ, येऊ." दोघंही मनापासून बोलतात आणि वर्ष निघून जातं. ज्यांच्याकडे गोष्ट पुढे सरकते, तिथेही बहुतेकदा क्रम उलटा असतो. आधी बिर्याणी ठरते, मग रविवार ठरतो आणि सगळ्यात शेवटी कोणाला बोलवायचं त्याची यादी होते. त्या यादीत आपलेच चार नातेवाईक आणि नेहमीची दोन कुटुंबं असतात. संध्याकाळी भांडी घासता घासता घरातली बाई म्हणते, "आता सहा महिने कोणी नको."

मी ठाण्याला वर्तकनगरात राहते. ४२० चौरस फुटांचं घर आणि आम्ही चौघं. महिन्यातून एकदा कुणाला तरी जेवायला बोलावतो. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायका तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि चुकाही त्याच होतात, म्हणून आमचा क्रम लिहून देते आहे. हा क्रम फ्लॅटमध्ये, चाळीत किंवा सिडकोच्या खोलीत राहणाऱ्यांना जमेल असाच आहे.

## १. माणूस ठरवा

बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल आतिथ्यात तत्पर राहायला सांगतो. तिथला मूळ ग्रीक शब्द 'फिलोक्सेनिया' आहे आणि त्याचा अर्थ परक्यावर प्रेम असा होतो. लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात येशू यजमानाला स्पष्ट सांगतो की मित्र, भाऊ, नातेवाईक आणि श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, कारण ते परतफेड करतील. म्हणून यादी करताना पहिलं नाव असं लिहा, जे तुम्हाला उलट बोलावू शकणार नाही किंवा बोलावेल असं तुम्ही गृहीत धरलेलं नाही.

आपल्या भागात अशी माणसं शोधावी लागत नाहीत. ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला लागलेली आणि पीजीत राहणारी मुलं-मुली आहेत. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात उपचारांसाठी परराज्यांतून आलेली कुटुंबं आहेत, ती कित्येक आठवडे भाड्याच्या खोलीत दिवस काढतात. खासगी इस्पितळांत केरळ आणि ईशान्य भारतातून आलेल्या नर्सेस आहेत. नवरा गेल्यापासून शेवटच्या बाकावर बसून आशीर्वाद होताच निघून जाणाऱ्या मावशी आपल्याच मंडळीत आहेत. आणि आपल्या मजल्यावर समोरचं दार आहे. दहा वर्षांत आपण त्या दाराच्या आत गेलेलो नाही आणि ते आपल्याकडे आलेले नाहीत.

पहिल्यांदा बोलावत असाल तर एक किंवा दोनच माणसं बोलवा. आमच्या घरात आम्ही चार आणि पाहुणे तीन, यापलीकडे गेलं की गप्पांचे दोन गट पडतात आणि नवखा माणूस दोन्ही गटांच्या बाहेर राहतो.

नेहमीची चूक: "एवीतेवी स्वयंपाक करतोच आहोत" म्हणून नव्या पाहुण्यासोबत मंडळीतली आठ-दहा माणसं बोलावणं. त्यांचे विषय, त्यांची गाणी, त्यांची चेष्टामस्करी चालू राहते आणि ज्याच्यासाठी बेत केला तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसतो.

सावधान: एकट्या मुलीला बोलावताना तिच्या एखाद्या मैत्रिणीलाही बोलवा आणि फोन घरातल्या बाईने करावा. तिला अनोळखी घरात एकटीने यायला सांगणं बरोबर नाही, आपला हेतू कितीही चांगला असला तरी.

तपासा: पाहुण्याचं नाव, त्याच्यासोबत कोण येणार आणि ते कुठून येणार, या तिन्ही गोष्टी सांगता येतात का? येत नसतील तर आमंत्रणाआधी अजून दोनदा बोला.

## २. घरच्यांचा होकार घ्या

पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (४:९) पाहुणचाराला एक अट जोडतो: कुरकुर न करता. कुरकुर होते कारण एक जण ठरवतो आणि दुसरी राबते. त्यामुळे आमंत्रण देण्याआधी घरात बसून कामं वाटा. बाजार कोण करणार, चपात्या कोण लाटणार, भांडी कोण घासणार, हे नावानिशी ठरलं पाहिजे. आमच्याकडे भांडी नवरा आणि मुलगा घासतात. सासूबाईंचं गुडघेदुखीचं औषध, मुलांची परीक्षा, कोणाची रात्रपाळी, हे सगळं याच बैठकीत निघतं. घरात एकाचंही मन नसेल तर महिनाभर थांबा.

## ३. आमंत्रण द्या, आणि कशासाठी ते स्पष्ट सांगा

सगळ्यात मोठी चूक याच टप्प्यावर होते, आणि ती आमच्या हातून झालेली आहे.

शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना आम्ही "संध्याकाळी चहाला या" म्हटलं होतं. त्याच संध्याकाळी घरी प्रार्थनासभा होती. आमच्या मनात एवढंच होतं की ते येतील, ऐकतील, त्यांना बरं वाटेल. ते आले तेव्हा सतरंजीवर अकरा माणसं, हातात गीतांची पुस्तकं, मधे डफ. ते दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसले. हेल्मेट त्यांनी मांडीवरून खाली ठेवलंच नाही. दोन गाणी झाल्यावर फोन आल्याचं सांगून उठले. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली होती. पुढे लिफ्टमध्ये भेटले की ते नुसती मान हलवायचे. ती अढी जायला दोन वर्षं गेली.

त्यांची चूक नव्हती. ख्रिस्ती घरातून बोलावणं आलं की अनेकांच्या मनात धर्मांतराची शंका येते. ती शंका दूर करायचा एकच मार्ग आहे: जे आहे ते आधी सांगणं. प्रार्थनासभा असेल तर प्रार्थनासभाच म्हणा. जेवण असेल तर जेवणच म्हणा आणि मग खरोखर फक्त जेवणच असू द्या.

आम्ही आता असं बोलतो:

"काकू, येत्या रविवारी दुपारी एक वाजता आमच्याकडे जेवायला या. आम्ही घरचे चौघं आणि तुम्ही दोघं, अजून कोणी नाही. प्रार्थनासभा वगैरे नाही. जेवायला बसताना आम्ही अर्धा मिनिट देवाचे आभार मानतो, तेवढंच. तीनपर्यंत तुम्ही मोकळे व्हाल."

या बोलण्यात दिवस, वेळ, माणसं, प्रार्थना आणि निघायची वेळ असं सगळं आलं. निघायची वेळ सांगायला लोक संकोचतात. उलट पाहुण्याला त्यानेच सर्वांत जास्त हायसं वाटतं.

होकार आला की लगेच खाण्याचं विचारा, आणि "काहीही चालतं ना?" असं विचारू नका. त्यावर सगळे "हो, काहीही" म्हणतात. वेगवेगळं विचारा: सामिष की शाकाहारी? अंडं चालतं? कांदा-लसूण? त्या दिवशी उपवास? कुणाला साखर, रक्तदाब, शेंगदाण्याची ॲलर्जी? शाकाहारी शेजाऱ्यांना आम्ही न विचारता सांगतो, "त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात मांस-मच्छी शिजणार नाही." काही जणांना ताट शाकाहारी असून भागत नाही, पळी आणि कढईबद्दलही मनात असतं आणि ते बोलून दाखवत नाहीत.

तपासा: आमंत्रण प्रत्यक्ष किंवा फोनवर दिलंत का? व्हॉट्सॲपवर नुसता मेसेज टाकला तर ते आमंत्रण धरू नका.

## ४. दिवस आणि वेळ पक्की करा

कालनिर्णय उघडा. संकष्टी, एकादशी, श्रावण, पितृपक्ष, मार्गशीर्षातले गुरुवार, रमजान, पर्युषण हे सगळं पाहुण्याच्या बाजूने बघायचं. आपल्या बाजूने उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आणि प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीचा, रविवार बघायचा. त्या रविवारी उपासना लांबते आणि साडेबारा वाजता आपण कुलूप उघडत असतो, तेव्हा एकची वेळ देऊ नये. जैन कुटुंबातले बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यांना दुपारीच बोलवा.

मग रेल्वे. रविवार हा मेगाब्लॉकचा दिवस. पाहुणे ऐरोली, कोपरखैरणे किंवा खारघरहून ठाण्याला येणार असतील तर ट्रान्सहार्बरवर काय आहे ते शनिवारी संध्याकाळी बघा आणि त्यांना कळवा. परगावची माणसं हे बघत नाहीत. ती स्टेशनवर तासभर उभी राहतात आणि उशीर झाला म्हणून ओशाळून येतात. घोडबंदर रोडला राहत असाल तर गाडीने येणाऱ्यांना अर्धा तास जास्त धरायला सांगा. जुलैत मुसळधार पाऊस असेल तर तारीख सरळ पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही.

पाणी कोणत्या वेळी येतं आणि त्या आठवड्यात पाणीकपात आहे का हेही बघा. भरलेले दोन पिंप असले की यजमानाचा अर्धा ताण जातो.

## ५. घर आवरा, पण तीनच जागा

बाथरूम, बसायची जागा आणि दाराबाहेरची चपलांची जागा, एवढं स्वच्छ करा. बाथरूममध्ये कोरडा टॉवेल, साबण आणि चालू असलेली कडी. बाकी कपाटावरच्या पिशव्या राहू द्या. पडदे धुवायला काढलेत की आमंत्रण पुढे ढकललं जातं, हे मी बऱ्याच घरांत बघितलं आहे.

सोसायटीच्या गेटवर वॉचमनला पाहुण्याचं नाव आणि आपला फ्लॅट नंबर आधी सांगून ठेवा. नव्या टॉवरांत ॲपवर पाहुण्याची आगाऊ नोंद करता येते, ती करा. पंधरा मिनिटं गेटवर "कोण? कुठे? कशाला?" ऐकून आलेल्या माणसाचं मन घरात यायला वेळ लागतो. मोबाईलवरचं लोकेशन पुष्कळदा मागच्या बंद गेटवर नेतं, म्हणून जवळची खूण तोंडी सांगा.

## ६. बेत ठरवा आणि कामांचा क्रम लावा

आता बेत. आधीचं सगळं ठरल्याशिवाय तो ठरतच नाही, कारण कोण येणार, काय खातात आणि किती वाजता हे तेव्हाच कळतं.

सहा मोठ्या माणसांसाठी आमचा नेहमीचा शाकाहारी बेत असा: अर्धा किलो तांदळाचा भात, पाव किलो तूरडाळीचं वरण, ३०० ग्रॅम मटकीची उसळ, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर आणि पाऊण किलो कणकेच्या वीस-बावीस चपात्या. गोड म्हणून शेवयांची खीर किंवा मोसमात आंबा. सामिष चालत असेल तर उसळीऐवजी सव्वा किलो कोंबडीचा रस्सा. एवढं पुरतं. चौथी भाजी आणि दुसरं गोड पाहुण्यासाठी नसतं.

कामांचा क्रम असा ठेवा:

- शुक्रवारी रात्री: मटकी भिजत घाला. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, रविवारी सकाळपर्यंत मोड येतात. बरेच जण शनिवारी रात्री भिजवतात आणि मग मोडाशिवायची उसळ करावी लागते.
- शनिवारी: बाजार. खोबरं-कांदा भाजून वाटण करून फ्रिजमध्ये. बटाटे उकडून ठेवा.
- रविवारी उपासनेआधी: उसळ पूर्ण. कणीक मळून झाकून ठेवा. डाळ-तांदूळ धुऊन कुकरच्या डब्यात तयार.
- घरी आल्यावर: कुकर, बटाट्याला फोडणी, कोशिंबीर चिरून ठेवा आणि मीठ-दही वाढताना घाला. चपात्या शेवटी.

पाहुणे येण्याआधी वीस मिनिटं गॅस बंद झालेला असावा. मार्थेची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. येशू घरात बसलेला होता आणि ती कामात अडकली. तिचं काम वाईट नव्हतं, ते भलत्या वेळी चाललं होतं. गरम चपातीच्या हट्टापायी घरातली बाई पूर्ण वेळ ओट्याशी उभी राहते आणि पाहुण्याला तिची फक्त पाठ दिसते. त्यापेक्षा चपात्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवा. थोड्या कोमट असल्या तरी चालतात.

सावधान: आपल्याकडच्या दमट हवेत शिजवलेला भात, रस्सा किंवा खीर दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उसळ सकाळी लवकर झाली असेल तर निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढण्याआधी खळखळून उकळा.

सावधान: उपचार चालू असलेला रुग्ण येणार असेल तर डॉक्टरांनी काय पथ्य सांगितलंय ते नातेवाइकांना विचारून घ्या. किमो चालू असताना कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उघडं कापलेलं फळ बहुतेकदा वर्ज्य असतं. ताजं, गरम, साधं अन्न द्या आणि घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशीचं जेवण डब्यातून पोचवा.

नाताळाचं फराळ वाटताना वेगळी काळजी घ्या. केकमध्ये अंडं आहे का आणि सुका मेवा रममध्ये भिजवला होता का, हे डब्यावर चिठ्ठी लावून लिहा. शाकाहारी आणि मुस्लिम शेजाऱ्यांना करंज्या-शंकरपाळ्यांचं वेगळं ताट करा. मुस्लिम पाहुणे जेवायला असतील तर मांस हलाल दुकानातून आणा आणि आणल्याचं त्यांना सांगा, म्हणजे त्यांना विचारायची वेळ येत नाही.

## ७. दारापासून पानापर्यंत

बेल वाजली की घरातल्या सगळ्यांनी उठून दाराशी यावं, मुलांनीसुद्धा. टीव्ही बंद. पाणी द्या, पंख्याखालची जागा द्या.

नवखा माणूस अवघडून बसला असेल तर त्याला काम द्या. केरळहून आलेली एक नर्स पहिल्यांदा आली तेव्हा "ताई, मी काय करू?" असं तिने तीनदा विचारलं आणि मी तीनदा "बस गं" म्हटलं. चौथ्यांदा ती स्वतःच ओट्याशी आली आणि माझ्या हातातली काकडी घेतली. विळीवर चिरायची सवय नव्हती म्हणून सुरी मागितली. तिच्या आईकडे काकडीत खोबरं आणि हिरवी मिरची वाटून घालतात, ते तिने करून दाखवलं. काकडी चिरता चिरता तिने घरचं सगळं सांगितलं, वडिलांचं कर्जसुद्धा. सोफ्यावर बसवून ते मला कधी कळलं नसतं.

सगळ्यांनी एकदम बसायचं. पातेली मधे ठेवा आणि ज्याने त्याने वाढून घ्यावं. 'आधी पाहुणे, मग पुरुष, मग बायका' ही पद्धत मोडा, घरच्या बाईला शेवटी उरलेल्या पातेल्याशी बसवू नका. आग्रह दोनदा करा, तिसऱ्यांदा नको. ताटात टाकून जाण्याची वेळ पाहुण्यावर आणणं हा जाच आहे.

प्रार्थना जितकी सांगितली होती तितकीच करा. अर्धा मिनिट म्हणजे अर्धा मिनिट. अन्नाबद्दल आभार माना, आलेल्या माणसांबद्दल नाव घेऊन आभार माना, थांबा. पाहुणा डोळे मिटतो की नाही ते बघू नका. त्याच्या तारणासाठी, त्याचं मन वळावं म्हणून त्याच्यासमोर मोठ्याने मागणं करू नका. तो पाहुणा आहे आणि त्याला उठून जाता येत नाही. जाताना हातात पत्रक ठेवणं, जेवताना साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, सांगायला सुरुवात करणं, हेही नाही. त्याने विश्वासाबद्दल स्वतः विचारलं तर मोकळेपणाने, खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. विश्वास लपवायला मी सांगत नाही. आमच्या भिंतीवर वचन आहे, क्रूस आहे, ते आम्ही कोणासाठी उतरवत नाही.

कधी पाहुणा दुःख सांगतो. मुलाची नोकरी गेलेली असते, रिपोर्ट वाईट आलेला असतो. तेव्हा लगेच सल्ला देऊ नका. ऐकून घ्या. मग विचारा, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" आणि उत्तराची वाट पाहा. "नंतर करा, घरी" असं उत्तर आलं तर घरी करा, आणि खरोखर करा.

तपासा: फोटो काढण्याआधी विचारलंत का? मंडळीच्या ग्रुपवर पाहुण्याचा फोटो टाकू नका. आपल्याला तो आनंदाचा वाटतो, त्याच्या नातेवाइकांपर्यंत पोचल्यावर त्यालाच जाब द्यावा लागू शकतो.

## ८. निरोप

सांगितलेली वेळ झाली की आपणच वाट मोकळी करा, "तुम्हाला गाडी गाठायची असेल ना" म्हणून. उरलेलं अन्न द्यायचं असेल तर विचारा, पीजीत फ्रिज नसतो. परत करावा लागणार नाही असा डबा द्या, नाहीतर डबा परत द्यायचा म्हणून तो भरून आणायचं ओझं होतं. गेटपर्यंत किंवा रिक्षा मिळेपर्यंत सोबत जा. रात्र असेल तर पोचल्याचा फोन करायला सांगा आणि तो येईपर्यंत झोपू नका.

## ९. त्यानंतरचे सहा आठवडे

घरी एक वही ठेवा. कोण आलं, काय खाल्लं, काय बाजूला ठेवलं, कोणाची परीक्षा, कोणाचं ऑपरेशन, तारखेसह लिहा. आठवड्याभरात एक फोन करा आणि तो त्या गोष्टीबद्दलच असू द्या: "रिपोर्ट आला का?" सहा आठवड्यांच्या आत पुन्हा बोलवा, या वेळी नुसता चहा आणि पोहे. दुसरं बोलावणं छोटं असलं की पहिल्याचं दडपण उतरतं. बहुतेक घरांत पाहुणचार पहिल्या मोठ्या जेवणावरच संपतो, आणि मावशी पुन्हा शेवटच्या बाकावर असतात.

मग त्यांचं बोलावणं येतं. वाढदिवस, हळदीकुंकू, गणपती. तिथे जायचं की नाही आणि गेल्यावर काय करायचं, हे घरात आधीच ठरवा, दारात उभं राहून नव्हे. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात याबद्दल सांगितलं आहे: बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, समोर येईल ते चौकशी न करता खा, पण ते अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं तर त्या माणसाखातर खाऊ नका. प्रसादाबद्दल ख्रिस्ती कुटुंबांत यावरून वेगवेगळं पाळतात. आमच्या घरात आम्ही आरतीच्या वेळी जात नाही, जेवायला जातो. हे आदल्या दिवशीच फोनवर सांगतो: "काकू, आरतीला आम्ही नसू, प्रसाद घेणार नाही, पण तुमच्या हातचं जेवायला नक्की येऊ." समोरच्या काकूंनी गेल्या वर्षी आमच्यासाठी पुरणपोळ्या नैवेद्याच्या आधीच वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, झाकणावर माझ्या धाकट्याचं नाव लिहून.